चित्राला जागा हवी

कळंबोली,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अंकुशदादा,
सविनय जयभीम.

आम्ही इकडे ठीक. आईचे गुडघे थंडीत धरतात, बाकी खाणंपिणं व्यवस्थित. मंजुषामावशी उलव्याहून आली होती, विमानतळामुळे फ्लॅटचे भाव कसे चढलेत ते ऐकवून गेली. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्ता वहिनीकडून घेतला, तिच्यावर डाफरू नकोस.

विकिपीडियावरचं तुझं फॉस्जीन गॅसचं पान पाहिलं. रेणू आता बोटाने फिरतो, मोठा होतो, काळ्यावर लाल-हिरवे गोळे चमकतात. खाली लोकांनी वाहवा केली आहे आणि तूही ‘छोटासा प्रयत्न’ लिहून नम्रपणा मिरवला आहेस. पण दादा, चार अणूंचा सपाट रेणू तो. आडवा धरला की नुसती रेघ दिसते. एम.एस्सी.ला पहिला आलेला माणूस तू, आणि पापड उलटून दाखवायचा एवढा सोहळा?

त्या सोहळ्यासाठी तू माझं वाक्य काढलंस. ‘सुरुवातीला बरं वाटलं तरी माणसाला घरी पाठवू नये, फुप्फुसांत पाणी काही तासांनी भरतं.’ संदर्भासकट लिहिलं होतं. मी परत टाकलं, तू परत काढलंस, वर शेरा मारलास: ‘मोबाइलवर चित्राला जागा हवी. मजकूर भावनिक.’

वैद्यकीय पुस्तकातलं वाक्य तुला भावनिक का वाटतं, ते तुला ठाऊक आहे. मलाही आहे.

तळोजाच्या कारखान्यात तू साहेब होतास आणि आबा हेल्पर. त्या दुपारी पाइपाच्या जोडातून हाच गॅस सुटला. आबा थोडे खोकले, मग त्यांना बरं वाटलं. हॉस्पिटलात नेलं असतं तर अपघाताची नोंद झाली असती, आणि तुझी बढती तोंडावर आली होती. ‘काय नाय होत आबा, घरी जाऊन पडा,’ असं तू म्हणालास. शेजारी उभ्या असलेल्या देवजीकाकांनी मला हे सांगितलं. शिकलेल्या लेकाचा शब्द म्हणून आबा रिक्षाने घरी आले, चहा प्यायले आणि संध्याकाळी श्वासासाठी तडफडत गेले. तू सगळ्यांना हार्ट अटॅक सांगितलास. मी गप्प बसले. आणि आता तू त्याच गॅसला नटवत बसलास, याची मला किळस येते.

काल आईने माझ्या फोनवर तो रेणू पाहिला. तू केलास म्हटल्यावर बोटाने फिरवतच बसली. शेजारच्या वैशालीला बोलावून दाखवला. “माझ्या अंकुशनं केलंय,” म्हणाली. मग मला विचारलं, “कशाचं हाय गं ह्ये?”

मी म्हणाले, औषधाचं.

तुझ्यासाठी एवढं खोटं बोलले, पुन्हा बोलणार नाही. ते वाक्य आता मी टाकणार नाही. तू टाकायचंस, तुझ्या नावाने, चित्राच्या वर. कुठल्यातरी कारखान्यातला दुसरा एखादा साहेब ते वाचेल आणि खोकणाऱ्या माणसाला घरी धाडणार नाही. माघ पौर्णिमेला आईला घेऊन विहारात जायचंय. तोवर वाक्य दिसलं नाही, तर तिथून परतताना तिला त्या रेणूचं नाव सांगेन. पुढचं ती स्वतःच विचारेल, आणि मी उत्तर देईन.

‘तुझी लाडकी बहीण’ लिहायला हात धजत नाही.

आबांची मुलगी,
संघमित्रा