होडीचा उरलेला रंग

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२७ जुलै २०२५, रविवार

प्रिय भावेश,

अनेक आशीर्वाद. सोबत राखी आहे. व्हॉट्सअॅपवर तू ताईला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. आमची भावजय रचना बरी आहे ना? इथे आई मजेत. बाबांचंही बरं चाललंय, हल्ली घराबाहेर फारसे पडत नाहीत एवढंच.

डोंबिवलीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तू आम्हाला बोलावलं नाहीस. तरी आहेर द्यायचाच, म्हणून बाबांच्या जाळ्यांच्या पेटीतून तुझी छोटी गाडी काढली. मामाने गोदीतून आणलेली ती विलायती खेळण्यातली मोटार. अशा जुन्या गाड्या मी आता सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करते, लोक पार पुण्याहून पाठवतात. आठवडाभर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात दुसऱ्यांच्या रंगकामात खोट काढायची आणि रविवारी स्वतः ब्रश घेऊन बसायचं.

तुझ्या गाडीची दशा बघण्यासारखी होती. बॉनेटची धार झिजलेली, दार लटकलेलं, आणि अंगावर रंग इतका जाड की हेडलाइट बुजून गेलेले. मूळ रंग कोणता ते बघायला छताच्या कोपऱ्यावर पॉलिश पेपर फिरवला. तळाशी कारखान्याचा लाल सापडला. त्याच्यावर निळा, मग पिवळा, परत निळा. हे तर आपल्या होडीचे रंग. नारळी पुनवेआधी होडी रंगवून झाली की डब्यात उरलेला रंग बाबा तुझ्या गाडीला द्यायचे.

पण सगळ्यात वर नारिंगी. आपली होडी कधीच नारिंगी नव्हती. आणि आता होडी तरी कुठे आहे? खाडीत मासळी उरली नाही, होडी विका, असं तू म्हणालास म्हणून बाबांनी तुला घराबाहेर काढलं, आणि पुढच्याच वर्षी गुपचूप विकून टाकली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुमचं दोघांचंही. मग हा रंग आला कुठून? तोही एक थर नाही, बरेच. खालचे अगदी रेखीव, बाबांच्या हातचे. सगळ्यात वरचा मात्र काचेवरून, चाकांवरून ओघळलेला. असं काम बाबा कधी करायचे नाहीत.

मला राहवेना. बाबांना विचारलं तर म्हणाले, "माना काय म्हाईत." शेवटी आईने सांगितलं.

"तुजा बापूस दर नारली पुनवेला रंगाची डबी इकत आनतो. यो एकच रंग त्याला आता नीट दिसतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही म्हणाले. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं, पण धीर झाला नाही, रंगाच्या गप्पा मारत बसले. मला भीती वाटते रे.

गाडी मी मुळासारखी लाल करणार होते. आता मन होत नाही. दार बसवलं, बॉनेटला पुट्टी भरून घासलं, वरचा ओघळ काढला. जुने थर तसेच ठेवलेत. यंदाचा रंग बाबांनीच द्यावा असं वाटलं, म्हणून काल सरावाला त्यांच्या हातात कोरडा ब्रश दिला. तो गाडी सोडून पाटावर फिरायला लागला. मी मनगट धरायला गेले, तर हात झिडकारला.

"तुजा हात नको. गारी भावेशची हाय. त्यालाच धरूं दे."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं. आई आत जाऊन रडली.

पुनव आठ तारखेला आहे. डबी आणून ठेवली आहे, अजून उघडलेली नाही.

तुझी वाट बघणारी,
दक्षताताई