कौंडण्यपूरची आंघोळ

अण्णा, तुम्हाला लिहायचं मी किती वेळा टाळलं म्हणून सांगू. मागं परतवाड्याला कागद घेऊन बसलो होतो, तर शाई आणायला म्हणून उठलो आणि अचलपूरच्या बाजारात एका अत्तरवाल्याच्या गप्पा ऐकत सबंध दुपार घालवली. शाई राहिलीच. तुम्ही म्हणायचाच, "हा पाटावर बसला तरी याचं मन सडकेवर." आज मात्र अकोल्यात आहे, आमच्या नाटकाच्या तंबूमागच्या खोलीत. बाहेर असं ऊन आहे, की नालीत बसलेली कुत्रीसुद्धा उठत नाहीत. कुठं जायची सोयच नाही, म्हणून लिहितोय.

मी अजून गुप्तहेरच आहे. अशा उन्हाळ्यात ओव्हरकोट चढवायचा, हॅट कपाळावर ओढायची आणि रोज संध्याकाळी एक खुनी पकडायचा. खुनी रोज तोच असतो, तरी लोक शिट्ट्या मारतात. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आतून घामाच्या धारा लागतात, पण कोट नसला तर प्रेक्षक मला गुप्तहेर मानायलाच तयार नाहीत. एकदा भातकुलीला बिनकोटाचा उभा राहिलो, तर मागून एकजण ओरडला, "अबे, हा त तलाठी हाय!"

भातकुली म्हटलं की मला ते लग्न आठवतं. तुम्ही उपाध्ये आणि मी तुमच्या मागं अक्षता वाटणारा. तुमचा घसा बसला होता, म्हणून शेवटची मंगलाष्टकं मला म्हणायला सांगितलीत. शाळेत माझं काही जमलं नाही, पण ही मला तोंडपाठ होती. मी आवाज चढवला, मध्येच थांबलो, "सावधान" असं काही म्हटलं की मांडवाबाहेरचे बैलसुद्धा कान टवकारून बघायला लागले. लोक खूश. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. परतताना बैलांच्या दमणीत तुम्ही अमरावती येईपर्यंत जप करत बसलात. घरी आई पानं वाढत होती, तेव्हा ताटाकडे बघत म्हणालात, "लोक नवरा-नवरीला बघायला आले होते. तुला नाही." आईचा डाव भातातच थांबला. मला तो घास अजून आठवतो, वरणात हिंग जास्त पडला होता. पुढं वर्षभरात मी नाटक कंपनीबरोबर पळालो.

मग कार्तिकातली कौंडण्यपूरची जत्रा. आमचा तंबू नदीपासून हाकेच्या अंतरावर होता. जत्रा उठल्यावर मला आपल्या ओळखीचे एक उपाध्ये भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वडलांनी तुझं सचैल स्नान केलं रे. मी घाटावरच होतो. धोतर-उपरण्यासकट उतरले." मरणाची बातमी कानावर आली की माणूस असा अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरतो. आपल्या घरात ते समजावून सांगावं लागत नाही. तरी मी दादाला अमरावतीच्या मोटार स्टँडवर बोलावून घेतलं. तो म्हणाला, "खरं आहे. कपडे अंगावर वाळलेले, असेच घरी आले. तुझं नाव काढलं की उठून जातात. मेलेला माणूस घरी येत नसतो, एवढं लक्षात ठेव."

ठेवलं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. निरोप आला तेव्हा मी तोंडाला रंग लावत होतो. मला सुतक आहे की नाही, हेच कळेना. ज्याची आंघोळ होऊन गेली आहे, त्यानं बापाचं सुतक धरायचं का? विचारणार कुणाला? असलं विचारायचं तर तुम्हालाच विचारायचं. मी कोट चढवला आणि रोजच्यासारखा खुनी पकडला. तेव्हापासून अमरावतीचा मुक्काम आला की मला ताप येतो. मालकालाही आता सवय झाली आहे.

परवा काय झालं ते सांगतो. आमचा दारावरचा म्हातारा, तिकिटं फाडणारा, माझ्याजवळ भाकरी खात बसला होता. पुजारी लोकांना फुकट पास लागतात, यावरून त्याची बडबड चालली होती. तेवढ्यात म्हणाला, "पण कौंडण्यपूरले एक महाराज आलते, थ्याईनं तिकीट काढलं. अन् आतच जाईनात! म्हटलं, महाराज, काहून थांबले? त म्हणे, आत लय गर्दी हाय, शिवाशिव होते. म्हटलं, होईनच ना, जत्रा हाय. मंग कनातीपाशी उभे रायले. तेवढ्यात तुमी आले कोट घालून. त मले कानाशी येऊन हयूच म्हणते, 'थो बोलून राह्यला ना, थो माया धाकला होय.'"

तुमचं बोलणं तो आपल्याच बोलीत सांगत होता. माझ्या हातातली भाकरी हातातच.

"मंग?"

"मंग काय, गेले ना आत! बिडीवाल्याईच्या मंधात मांडी घालून बसले. नाटकाचा खेय सुटल्यावर मले म्हणे, 'आवाज पार मांगपर्यंत जाते त्याचा. घरी शिकला थो.' अन् मंग इचारते, नदीकडं कुठून जा लागते? म्हटलं, एवढ्या थंडीत? त म्हणे, 'आता आंघोय त करा लागन बाप्पा, साऱ्या गावाले शिवलो.'"

"हे मला आजपर्यंत का नाही सांगितलं?"

"तुमी कधी इचारलं? डिटेक्टिव्ह तुमी हा का मी? मले वाटलं, भेटले असतीन तुमाले."

अण्णा, मी इतका हसलो की ठसका लागला. म्हाताऱ्यानं पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा मी त्याला आंघोळीची सगळी गोष्ट आणि अमरावतीच्या आपल्या घराचा पत्ता सांगून टाकला. उपाध्यांनी ओलं धोतर पाहिलं आणि मला मारून टाकलं, दादानं वाळलेलं पाहिलं आणि खात्री केली, आणि रोज चिखलाच्या डागावरून खुनी ओळखणाऱ्या मी शंकासुद्धा घेतली नाही. राग आला नाही असं नाही. ज्या बिडीवाल्यांच्या मधे तुम्ही बसलात, तसलीच माणसं रोज माझ्या ताटात जेवतात. त्यांना तुम्ही नदीत धुऊन टाकलंत. पण बसलात. उठून जायला कनात जवळच होती, तरी खुनी सापडेपर्यंत बसलात. माझं नाव निघालं की का उठत होतात, ते मला माहीत नाही, आणि परवापासून ते नाही कळलं तरी चालेल असं वाटतंय. मी जिवंत आहे. इतकी वर्षं होतो. पोटभर जेवून झोपलो काल.

थांबा. म्हातारा अमरावतीला पुढच्या मुक्कामाचं मैदान बघायला गेला होता, तो आलेला दिसतोय. बाहेरून ओरडतोय, "भाऊ, संग एक महाराज हायेत! म्या घरी जाऊन सारं सांगतलं त म्हणे, मीबी येतो. तिकीट नाई मांगत, तुमाले मांगते."

पडद्याच्या फटीतून पाहिलं. दादा आहे. केस पिकलेत. छत्री मिटून हातात धरली आहे आणि तसाच उभा आहे. आत येत नाही आणि जातही नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाहीच आहे, म्हणून तुम्हाला एकट्याला सांगतो. त्याला बघून मला कधी नव्हे एवढं बरं वाटलं. तरी मी मुद्दाम सावकाश लिहितोय. थोडा वेळ उभा राहू दे उन्हात.

झालं. उठतो.