टपालातला चौथा डाव

करडी,
बुधवार, ९ डिसेंबर १९८७

प्रिय ताराचंद,

कार्डाऐवजी पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबांना खोकला आहे, पण तो दर हिवाळ्यात येतो, पाहुणचार घेतो आणि जातो. पाकीट घेतलं ते केवळरामसाठी. आपली डावाच्या चालींची कार्डं तो घरोघर टपाल वाटता वाटता इमानेइतबारे वाचतो. 'आडवी पाच, उभी सात' हे त्याला पहिले सहा महिने मटक्याचे आकडे वाटत होते आणि त्यानं ते लावलेही. एकही लागला नाही. तरी मलाच समजावतो, "भाऊचा अंदाज कच्चा हाये, पण पोरगा मेहनती हाये." आज मला जे लिहायचं आहे ते त्यानं वाचलेलं मला चालणार नाही.

आधी थोडं जुनं सांगते. तुला आठवत असेलच, पण तुझी आठवण तुझ्या सोयीची असते. बँकेची नोकरी सोडून तू नागपूरला कंप्युटरच्या ऑफिसात लागलास आणि बाबांना ऐटीत म्हणालास की मी मशीनला गो खेळायला शिकवतोय. गो घरात आणला तो बाबांनीच. ते कामाला होते त्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या ओकादा साहेबांनी चौऱ्याहत्तर साली जेवणाच्या सुट्टीत त्यांना शिकवला होता. नऊ आडव्या नि नऊ उभ्या रेघांची फळी, काळ्या गोट्या म्हणून रिठ्याच्या बिया, पांढऱ्या म्हणून वैनगंगेतले खडे. आळीपाळीनं एकेक मांडायची, चहूकडून कोंडलेली खायची, ज्यानं जास्त जागा वेढली तो जिंकला. धानाच्या बांध्या आखत वाढलेल्या माणसाला हे काय कठीण! साहेब जपानला परतले तेव्हा अख्ख्या भंडारा जिल्ह्यात बाबांना हरवणारा कोणी उरला नव्हता. अर्थात खेळणारे आपण तिघंच होतो.

तर तू ऐटीत बोललास आणि बाबा तापले. म्हणाले, "तुही मशीन मले हरवन त्या दिवशी ये घरी. तवरिक तोंड दाखवू नको." रागातलं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच म्हणत होते, पोरगा जेवला असेल का. पण तू कोणाचा मुलगा! कोर्टाचा निकाल लागल्यासारखा ते शब्द धरून बसलास. नागपूरहून आपल्या वरठी स्टेशनला गाडीनं यायला कितीसा वेळ लागतो रे? आणि तुला पावणेतीन वर्षं लागली, अजून लागताहेत. आली ती फक्त कार्डं, त्यावर मशीनची चाल आणि खाली तुझी सही. बाबांचा हात कापतो, म्हणून ते सांगायचे आणि मी उलट चाल लिहायची. दोघांच्या मध्ये मी अशी टपालपेटी होऊन बसले.

पहिले तीन डाव बाबांनी सहज मारले. मशीन तुझी खादाड होती. बाबा जिथं गोटी ठेवतील तिथंच ती धावायची, एक खडा गिळायला म्हणून अर्धी फळी गमवायची. बाबा मुद्दाम एखादा खडा पुढे टाकायचे आणि म्हणायचे, "खाय बाप्पा, खाय." मला तुझी दया यायची. खोटं कशाला सांगू, थोडी गंमतही वाटायची.

चौथा डाव यंदाच्या पावसाळ्यात सुरू झाला आणि मशीन एकाएकी शहाणी झाली. टाकलेला खडा खाईना. बाबा तासन्तास फळीपुढे बसू लागले. मग दिवाळीच्या आधी तुझं एक कार्ड आलं, ती चाल मी मांडली आणि बाबा हसले. कोणी चाल करून आलेलं नसताना मशीननं स्वतःच्याच कुंपणातली एक फट बुजवली होती. बाबा म्हणाले, "हा मशीनचा हात नोहे व पुष्पे. हा ताऱ्याचा हात हाये."

मलाही पटलं. तू अकरा वर्षांचा होतास, नुकताच धानाचा रोवणा झाला होता. बाबांनी तुला बांधीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या धुऱ्यावर राखणीला बसवलं आणि तू तलावावर पोहायला पळालास. पाण्यानं धुरा फुटला, अख्खी बांधी वाहून गेली. बाबांनी तुला बोटसुद्धा लावलं नाही, पण तेव्हापासून तू गो खेळताना कोणी यायच्या आधीच आपला धुरा लिंपतोस आणि त्यात एक चाल वाया घालवतोस. ही भीती तुझी आहे. ती तुझ्या मशीनला कुठून येणार?

म्हणजे पावसाळ्यापासून तू मशीनच्या नावानं स्वतः खेळतो आहेस. कशासाठी, तेही मला कळतं. तुला घरी यायचं आहे आणि मशीन काही जिंकत नाही. लबाड आहेस, पण आपला आहेस. आणि बाबा? त्यांनी एका शब्दानं तुला कळू दिलं नाही. केवळरामची वेळ झाली की दाढी करून ओसरीवर बसतात. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते. पावणेतीन वर्षांनी त्यांचा मुलगा त्यांच्यासमोर बसला होता ना!

आता पाकिटाचं खरं कारण. काल बाबांनी मला चाल सांगितली नाही. माझ्याकडून कोरं कार्ड मागून घेतलं आणि कापऱ्या हातानं स्वतः लिहिलं, 'मी हरलो. मशीन जिंकली. घरी ये.' मी फळी पाहिली. माझं गणित शाळेतल्या पोरांना शिकवण्याइतकं तरी पक्कं आहे, बाबा सहा घरांनी पुढे आहेत. ज्या माणसानं कधी आपल्या लेकरांनासुद्धा मुद्दाम जिंकू दिलं नाही, तो तुझ्यासाठी खोटं हरायला बसला आहे. ते कार्ड मी टपालात टाकलेलं नाही. ते मिळालं असतं तर तू धावत आला असतास, आणि मग जन्मभर तुम्ही दोघं एकमेकांसमोर त्या खोट्यासह जेवायला बसला असतात. मला ते नको. तू हरून ये तारा, सरळ हरून ये, आणि बाबांना सांग की मीच खेळत होतो. शुक्रवारी हे पत्र तुला मिळेल, रविवारी तुला सुट्टी असते. तू आला नाहीस, तर सोमवारी सकाळी ते कार्ड मी केवळरामच्या हातात देईन आणि आपला बाप हरेल.

तुझीच,
पुष्पाताई