कागदावरचं बटण

विकास नगर, लखनौ
९ जानेवारी

प्रिय प्रणव,

आईंनी कागदावरचं बटण तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मी भानावर आले.

इथे ठीक आहे. धुकं अकराशिवाय उठत नाही. आईंचा गुडघा बरा आहे. जोरहाटला थंडी कमी असेल.

एका दवाखान्यासाठी आम्ही नंबर लावायचं अ‍ॅप करतो आहोत. अजून ते फक्त कागदावर आहे. प्रत्येक स्क्रीन पेन्सिलीने काढलेला. समोरच्याने चित्रातलं बटण बोटाने दाबायचं, मी मशीन होऊन पुढचा कागद समोर ठेवायचा. मशीनने बोलायचं नाही, सुचवायचं नाही. आज तुझ्या आईंना बसवलं.

दुपारी खिडकीतून पांढरा उजेड येत होता. टेबल, कागद, आईंचे हात, सगळं त्यात जरासं तरंगत होतं. अमौसीकडे उतरणारं विमान ऐकू आलं, दिसलं नाही. असा आवाज आला की तू घास हातात धरून थांबतोस. मी त्या आवाजामागे गेले. पुढचा कागद माझ्या हातातच राहिला.

"तुझं मशीन लखनौचंच दिसतंय," आई म्हणाल्या. "पहले आप म्हणत बसलंय."

मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं, नाही म्हण हवं तर. पण दाबलेलं कळलं, एवढं तरी सांग माणसाला."

ऑफिसात नवीन येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. माणसाने काही केलं की त्याला लगेच काहीतरी दिसलं पाहिजे. नाहीतर तो पुन्हा दाबतो. मग स्वतःलाच दोष देतो.

तुझं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले. तू लिहिलंस, वीस जानेवारीला हवाई दलाची नोकरी सोडायचा अर्ज देतो, मग कायमचा घरी. तुझं उत्तर आलं नाही तर होकार समजतो. नंतर फोनवर दोनदा विचारलंस. मी धुक्याबद्दल बोलले.

नवीन येणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी मी शिकवते की गप्प राहण्याला होकार धरू नये. आणि जे मागे घेता येत नाही, त्याआधी एकदा पुन्हा विचारावं. तो अर्ज मागे घेता येत नाही, हे तूच सांगितलंस.

म्हणून विचारते, तू कुणासाठी येतो आहेस? माझ्यासाठी येत असशील तर येऊ नकोस.

तू रजेवर येणार म्हणून मी दिवस मोजते. तू आलास की चौथ्या दिवसापासून तुझ्या जाण्याचेही मोजते. मला एकटीने राहायची सवय झाली आहे, असं लिहिणार होते. ते खरं नाही, आई आहेत. मला तुझ्याशिवाय राहायची सवय झाली आहे, आणि ती मला आवडते. ती मोडेल का, मला माहीत नाही. हे फोनवर सांगायला गेले असते तर तुझा आवाज ऐकून मी हो म्हटलं असतं.

लवकर उत्तर दे, असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही.

अजून तुझीच,
अंतरा

ता. क. दहा तारीख, सकाळ. पोस्टातून लिहिते आहे. पत्र आईंना वाचून दाखवलं. त्यांनी शाल घेतली आणि माझ्याबरोबर आल्या. आत्ता शेजारी बसल्या आहेत.