हवेच्या नळीचे सहा नग

१२ फेब्रुवारी
हैदराबादच्या एका खासगी कंपनीची दोन माणसं आज उदगीरला, आपल्या लेथच्या दुकानात. अंतराळात माणसं न्यायचं जे यान व्हायचं आहे, त्यातल्या हवेच्या नळीचे व्हॉल्व्ह करून हवेत. नमुन्याला सहा नग. पसंत पडले तर मोठं काम, पण सरकारची मंजुरी आली की. आमचे हे गेल्यापासून असं काम दुकानात आलं नव्हतं. लेथ चालवणारे आपले खाजाभाई चष्मा कपाळावर सरकवून ड्रॉइंग बघत राहिले. मग म्हणाले, होईल.

१६ फेब्रु.
बोअरचं पाणी खाली चाललं तशी दुकानासमोर दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या मोटरींची रांग. लेथ एकच. ठरवलं, दुपारपर्यंत मोटरी, मग नग. पाण्याचा टँकर आज आठव्या दिवशी आला.

२१ फेब्रु.
दोन नग वाया. तिसऱ्याच्या वेळी लाईट गेली. खाजाभाई घरी गेले.

२४ फेब्रु.
उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून आज गाव बंद. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून उदगीरचाही होणार, होणार, नुसतं ऐकत आले. शटर अर्धं ओढून काम चालू ठेवलं. शेजारचे डाळमिलवाले अण्णा वाकून आत आले. माणूस वर धाडायला सरकारपाशी पैसा हाय, आमच्या जिल्ह्याला न्हाई, म्हणाले. रागानं नव्हे.  

३ मार्च
उद्या नग न्यायचे आणि एक बाकी. सकाळीच देवणीकडची एक बाई टेम्पोत मोटर घेऊन हजर. गोठ्यात अकरा जनावरं, कालपासून पाणी नाही. खाजाभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मोटर सुरू व्हायला पाच वाजले. हैदराबादला फोन करून एक दिवस मागितला. पलीकडचा आवाज थंड. दिला मात्र.

५ मार्च, हैदराबाद
काचेच्या खोलीत एकेक नग मोजला. पाच पास. सहावा, काल घाईत केलेला, मापात केसाएवढा जास्त. परत दिला. तिथली इंजिनियर मुलगी विचारत होती, एवढ्या जुन्या लेथवर हे केलं कुणी? खाजाभाईंचं नाव सांगितलं.
कंपनीच्या मोठ्या साहेबांचं वेगळंच. दिल्लीत फाईल अडलेली. सरकार म्हणतं आधी कंपन्यांनी पैसा घालावा, कंपन्यांत पैसा लावणारे म्हणतात आधी सरकारनं ऑर्डर द्यावी. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलेत.

१९ मार्च
कंपनीचा फोन. आपलं नाव यादीत ठेवतील, पण दुकानात मोटरींचं काम बंद करायचं. माती, तेल चालणार नाही. ऑर्डर कधी? सांगता येत नाही.
खाजाभाईंना सांगितलं.  ते म्हणाले, "मेरेकू वो काम करना है, भाभी. मगर बाहर के लोगां कू क्या बोलूँ?"

२० मार्च
कळवलं. पाऊस पडेपर्यंत मोटरी बंद करणार नाही. तुमच्या कामाला मागची खोली वेगळी करते, दारही वेगळं. बघून सांगतो म्हणाले. 

३१ मार्च
फोन नाही. मागच्या खोलीतलं भंगार काढलं, भिंतींना गिलावा झाला. दुपारी खाजाभाईंनी खडूनं फरशीवर नव्या लेथची जागा आखली. ते नमाजाला गेल्यावर मोजून बघितली. एका नव्हे, दोन लेथची होती.
पुसली नाही.