बेलग्रेडच्या चिखलात घेतलेली उल्मची शपथ

काका, तुम्ही पत्रात लिहिलंत ते मला वाचलं तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. सगळं शहर इमानाची शपथ घेतं त्या सोमवारी मी दोन वर्षं उल्मच्या चौकात हजर नव्हतो, म्हणून मी शहराचा राहिलो नाही. मी शहराचा नाही म्हणून वालपुर्गा शहराच्या लेखी माझी बायको नाही. आणि बायको नाही म्हणून तिनं लेकराला घेऊन वेशीबाहेर व्हावं. एका फळीवर दुसरी ठोकावी तसं हे तुम्ही ठोकत गेलात. पण तळाची फळीच सडकी आहे. मी पळून गेलो नव्हतो. तुमचाच माल घेऊन, तुमच्याच नावेवरून डॅन्यूबनं खाली गेलो होतो. उल्मची नाव वर परत येत नाही, लाकडाच्या भावानं खालीच विकली जाते, आणि नावाड्याला पायी यावं लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. वाटेत तुर्कांशी लढणाऱ्या फौजेच्या कामावर मजुरी बरी मिळाली, तिथं राहिलो. एवढाच माझा गुन्हा.

आता रीतीप्रमाणे. मी, लिएनहार्ट क्रेस, वय चोवीस, धंदा नावाड्याचा, उल्म शहराचा जन्मानं नागरिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. दारू प्यालेलो नाही, कारण मिळालेली नाही. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही असंही म्हणायचं असतं. समोरच्या तटावरून तुर्कांच्या तोफा चालू आहेत, त्यांचं असेल तेवढंच. परवाच्या वादळात फौजेचा नावांचा पूल तुटला आणि उद्या पहाटे आम्ही नावाड्यांनी तो परत जोडायचा आहे. शाळेत मी दोनच हिवाळे बसलो, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये.

पहिलं. ब्लाऊ नदीच्या काठच्या घरातला माझ्या वडिलांचा अर्धा हिस्सा, म्हणजे पाण्याकडची खोली, तिच्यावरचा माळा आणि धक्क्याचा निम्मा वापर, माझी बायको वालपुर्गा आणि मुलगी ऊर्सुला यांना द्यावा. लांगेनाऊ गावच्या पाद्र्यानं आमचं लग्न लावलं आहे, त्याला विचारावं. जिना दोन्ही हिश्श्यांचा आहे. काकूंनी त्यात कांद्याच्या टोपल्या ठेवणं बंद करावं.

दुसरं. नावेच्या फटीत शेवाळ ठासायची माझी पट्टी आणि लहान कुऱ्हाड माझ्याबरोबरचे म्हातारे नावाडी मेल्चिओर होल्ट्स यांना. मोठी करवत वालपुर्गाला. ती करवत काकांच्या भिंतीला टांगलेली आहे आणि ती त्यांची नाही.

तिसरं. नगरसभेच्या जिन्याखाली आगीसाठी टांगलेल्या कातडी बादल्यांत एक माझ्या नावाची आहे. तिच्यावर वालपुर्गाचं नाव घालावं. आग लागली तर ती काकांच्या आधी पोचेल. गेल्या वेळी पाववाल्याची भट्टी पेटली तेव्हा सगळी गल्ली बादल्या घेऊन रांगेत उभी होती आणि काका स्वतःची मिठाची पोती घराबाहेर काढत होते.

चौथं. काकांचा मुलगा कास्पर यानं मच्छीमारांच्या नावांवरच्या भालाखेळात मला सगळ्या शहरादेखत पाण्यात पाडलं, ते मी माफ करतो. त्यानं भाल्याच्या टोकाची गादी आधीच काढून ठेवली होती, ते माफ करत नाही. बरगडी अजून दुखते.

पाचवं, आणि सगळं यावरच आहे. आमच्या नावाड्यांत रीत अशी की परगावी असलेल्यानं उल्मच्याच दोन नागरिकांसमोर हात वर करून शपथ घेतली आणि दोघांनी सही केली, तर त्याचा हक्क जिवंत राहतो. या तळावर उल्मचे नागरिक आता दोनच उरले आहेत. बाकीचे तापानं गेले. एक मेल्चिओरबाबा आणि दुसरा कास्पर. म्हणून आज दुपारी दोघांनाही नदीकाठी बोलावलं.

मेल्चिओरबाबा म्हणाले, "आधी नगराध्यक्षानं गच्चीवरून शपथ घ्यायची असते. इथं नगराध्यक्ष आणू कुठून?"

"तुम्हीच व्हा."

"आणि पगार?" असं म्हणत ते उलट्या पिंपावर चढले, टोपी काढली आणि म्हणाले की मी श्रीमंताचा आणि गरिबाचा सारखाच माणूस राहीन, काही हातचं न राखता. मग मी चिखलाचा हात विजारीला पुसला, वर केला आणि शहराशी इमान राखण्याची शपथ घेतली. कास्पर दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला. "ऊन डोळ्यावर होतं."

"कास्पर, सही कर."

"सही केली की पाण्याकडची खोली गेली. एवढा खुळा वाटलो तुला?"

"खोलीचं काय घेऊन बसलास लेका," मेल्चिओरबाबा म्हणाले. "आधी तिथवर जिवंत तर पोच."

त्यावर कास्परचं तोंड उतरलं. सकाळी चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि पहिली नाव त्याच्या वाट्याला आली होती. पहिल्या नावेनं तोफांच्या माऱ्यात पुढं जाऊन नांगर टाकायचा असतो. मागच्या खेपेला पहिल्या नावेवरचं कोणी परत आलं नाही.

मी म्हणालो, "पहिली नाव मी घेतो."

कास्परनं विचारलं, "बापाला कळलं तर?"

"कळणारच. मी लिहिणार आहे."

"हे नको लिहूस. गल्लीभर भित्रा म्हणतील मला."

"म्हणू देत. ऐकायला तू असशील ना."

त्यानं बोरू घेतला. कागद गुडघ्यावर धरून लिहिलं, म्हणून त्याची सही वाकडी आहे. सही त्याचीच आहे, याबद्दल कोणी शंका काढू नये.

सहावं. काका, कास्पर घरी आला की त्याला गरम जेवायला घाला आणि बोल लावू नका. जगायची इच्छा मलाही आहे, त्याला जास्त होती. पण वालपुर्गाला कोणी वेशीबाहेर काढायला निघालं, तर या कागदाची नक्कल मेल्चिओरबाबांजवळ आहे. तुमचा मुलगा कशाच्या बदल्यात घरी आला ते त्यांनी मासळीबाजारात मोठ्यानं वाचून दाखवावं.

सातवं. मी सापडलो नाही तर शोधू नये. ऊर्सुलाला पोहायला शिकवावं. काकू नको म्हणतील, तरी शिकवावं.

वरचं सगळं साक्षीदारांना वाचून दाखवलं. चौथ्या कलमाला कास्परची हरकत आहे, ती ऐकून घेतली, कलम तसंच ठेवलं.

सही: लिएनहार्ट क्रेस
साक्षीदार: मेल्चिओर होल्ट्स, नावाडी, उल्मचा नागरिक
साक्षीदार: कास्पर क्रेस, नावाडी, उल्मचा नागरिक
ठिकाण: बेलग्रेडसमोर, डॅन्यूबचा काठ. जुलै महिन्याचा पंधरावा दिवस, सन १७१७.

कागदासोबत वालपुर्गाला शहरात दाखल करून घेण्याची पूर्ण फी मेल्चिओरबाबांच्या हाती पाठवत आहे. काल माझ्याजवळ यातले वीसच गुल्डन होते. पहिल्या नावेवरच्याला दुप्पट मजुरी मिळते आणि ती आगाऊ देतात. एकूण चाळीस गुल्डन.