मामाचं नाव

प्रिय दादा,

आमदारकीचा फॉर्म भरायला निघताना मी ओवाळायला यावं, असा काल तुझा फोन आला. मी नुसतं "बघते" म्हणाले.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा तो जुना कायदा होता तेव्हा मालाडच्या बागेवर तू पोलिसांना धाड घालायला लावलीस. गे मुलांना पकडून नेलं, आणि तू कॅमेऱ्यासमोर म्हणालास, "ही घाण माझ्या मतदारसंघात चालणार नाही." त्या मुलांत आपला मिथुन होता, दादा.

सकाळी तो घरी आला तेव्हा पाठीवर पट्ट्याचे वळ होते. हळद लावता लावता मी रडत म्हटलं, "अरे, मामाचं नाव तरी सांगायचंस ना!"

"काय सांगू, आई? त्याचंच नाव घेऊन मारत होते."

आता तो चैतन्यबरोबर मुलुंडला राहतो. रविवारी दोघं मला जेवायला बोलावतात. माझ्या बीपीमुळे चैतन्य आमटीत मीठ कमी घालतो आणि स्वतःही तशीच खातो. तू मात्र दर भाऊबीजेला मिथुनसाठी मुलगी सुचवतोस.

कायदा गेला, पण परवाच्या सभेत तू पुन्हा तेच बोललास आणि टाळ्या पडल्या. म्हणून हे पत्र तुला देणार नाही. लहानपणी काही झालं की मी तुझ्या मागे लपायचे. आज माझा मुलगा कुणाबरोबर सुखात आहे, हे तुझ्यापासून लपवते.

ओवाळायला मी येणार नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगेन.

तुझी धाकटी बहीण,
नलिनी